शोषखड्डा रद्द, चर पक्के: गणपतीनंतरच्या नोंदी

पाहुणे गेले, घर रिकामं झालं. आज सकाळी सेप्टिक टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायला खणलेल्या चरातल्या तपासणी पाइपात काठी बुडवली, तर तळाशी ४ सेंटीमीटर पाणी. विसर्जनाच्या दिवशी ११ होतं. म्हणजे चर पाणी पितायत. गेलं सव्वा वर्ष या आकड्यासाठीच खटाटोप चालला होता.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: कोकणातलं घर, जांभ्याची जमीन, राहणारी माणसं पाच. पण गणपतीत चौदा, तेही सात दिवस! न्हाणीचं आणि मोरीचं पाणी पूर्वापार माडांना आणि केळींना जातं, ते तसंच ठेवलं. सेप्टिक टाकीत फक्त संडासाचं. माणशी ४५ लिटर धरले तर रोजचे २२५, गणपतीत ६३०. पाणी मुरवायचा हिशेब मी ६३० वर केला.

टाकीला फार डोकं लागलं नाही. आयएस २४७० या सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकात (१९८५ ची आवृत्ती) माणसांप्रमाणे मापांचा तक्ताच आहे. दहा माणसं आणि दोन वर्षांनी उपसा, यासाठी आतली लांबी २ मीटर, रुंदी ०.९, पाण्याची खोली १.४, वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा. अडीच हजार लिटर होतात. दोन हजारांच्या वर गेलं की आडवी भिंत हवी, ती आत येणाऱ्या पाइपाकडून दोन तृतीयांशावर घातली. चौदा जण आठवडाभरच असतात, त्यामुळे पुढच्या मापाच्या मागे लागलो नाही.

भांडण झालं ते तळावरून. आमचे गवंडी म्हणाले, "भाऊ, तळ कच्चा ठेवू. पाणी खाली मुरेल, टाकी जन्मात भरणार नाही." गावात निम्म्या टाक्या अशाच आहेत. भरत नाहीत हे खरं, पण तो मग मैला मुरवायचा खड्डा झाला, आणि आमची विहीर घरामागेच. तळाला काँक्रीट घातलं. गवंडी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

भिंती चिऱ्याच्या. चिरा पाणी पितो, म्हणून आतून जाड गिलावा केला. तरी पाणी भरून ठेवलं तर रात्रीत ४ सेंटीमीटर उतरलं. सगळ्या भिंती पुन्हा गिलावायच्या तयारीत होतो, तेवढ्यात बाहेर जाणाऱ्या पाइपाभोवती ओलसर कडं दिसलं. ती फट मीच घाईत बुजवली होती. गवंड्यांना सांगितलं नाही.

आता खरी गंमत जमिनीची. चाचणीसाठी एक फुटी चौकोनी खड्डा चराच्या तळाइतका खोल खणला, कडा खुरप्याने खरवडल्या (फावड्याने त्या गुळगुळीत होतात, मग पाणी मुरत नाही), तळाला दोन बोटं खडी. पाणी भरून रात्रभर मुरू दिलं. सकाळी खडीवर १५ सेंटीमीटर पाणी ठेवून, खुणा केलेली पट्टी उभी करून बसलो. मे महिन्यात २५ मिलिमीटर उतरायला ४ मिनिटं लागली. मी खूश. तीच जागा, तोच खड्डा, जुलैत अर्ध्या तासात फक्त ६२ मिलिमीटर उतरलं, म्हणजे २५ ला १२ मिनिटं. मेच्या आकड्यावर बांधलं असतं तर पावसात अंगणात घाण आली असती.

सूत्र असं: २०४ भागिले मिनिटांचं वर्गमूळ, म्हणजे चौरस मीटरला रोज किती लिटर मुरतात ते. १२ मिनिटांना ५९ येतात. ६३० भागिले ५९, म्हणजे १०.७ चौरस मीटर. मेच्या हिशेबाने ६.२ च आले असते.

शोषखड्ड्यात (टाकीतलं पाणी मुरवायच्या खोल खड्ड्यात) मुरायची जागा म्हणून बाजूच्या भिंती मोजतात. १.२ मीटर व्यासाला पाइपाखाली २.८ मीटर खोली लागली असती, म्हणजे तळ अंगणापासून ३.३ मीटर खाली. जुलैत विहिरीचं पाणी २.६ मीटर खालीच होतं. खड्डा वर्षातले तीन महिने बुडालेला राहिला असता. तिथेच तो बेत सोडला.

चरात तळ मोजतात. ०.६ मीटर रुंदीचे, ९ मीटरचे दोन चर, मध्ये पावणेदोन मीटर अंतर, खोली पाऊण मीटर. जागा घरापुढे, विहिरीपासून २३ मीटर (किमान १८ हवेत). उतार ४०० ला १, म्हणजे ९ मीटरला जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर. गवंड्यांनी पाणी भरलेली नळी दोन्ही टोकांना धरून तो असा बसवला की माझा फोनमधला लेव्हल मी गुपचूप खिशात घातला.

बाकी काम: टाकीच्या हवेच्या पाइपाला डासांची जाळी बसवायची आहे. दुसऱ्या चरात पाणी कमी जातंय, तिथे १ सेंटीमीटरच होतं. वाटप चेंबर (दोन्ही चरांत पाणी वाटणारा) त्या बाजूला किंचित उंच झालाय बहुतेक. दिवाळीनंतर उघडतो.