कॅम्पर ट्रेलरचे टायर निवडताना आधी वजनकाटा

नाशिकच्या पाथर्डी फाट्याला आमचं टायरचं दुकान आहे, रोजचं काम कार आणि छोट्या पिकअपचं, पण मागच्या आठवड्यात एक रिटायर्ड काका-काकू बोलेरोमागे छोटा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे आत राहायची सोय असलेला ओढायचा डबा, लावून आले. राजस्थानला निघायचं होतं, डिकीत भाच्याच्या स्विफ्टचे अलॉय रिम आणले होते आणि म्हणाले "दादा, टायर तर नवेच आहेत, नक्षी बघ ना, फक्त हे अलॉय चढवून दे."

नक्षी खरंच भरपूर होती. पण साइडवॉलवर तारखेचे चार आकडे 2217, म्हणजे 2017 सालचा बाविसावा आठवडा, आणि रिमजवळ अंगठ्याने दाबलं की बारीक चिरा उघडायच्या. ट्रेलर वर्षातले कितीतरी महिने उन्हात उभाच, त्यामुळे असं टायर घासून नाही, वयाने संपतं. एक टायर खोललं तर आतून काळा रबराचा भुसा सांडला! असा भुसा म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त, टायर आतल्या आत रगडलं जातंय. काकू बघतच राहिल्या.

साइज 145/80 आर13, लोड इंडेक्स (टायर किती वजन झेलतं त्याचा कोड) 75, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त 387 किलो. मी म्हटलं काका, आधी वजन करू, मग टायर निवडू. ते जरा वैतागले पण आले. टायर परत चढवलं, हवा भरली आणि हळूहळू चालवत अंबडच्या वजनकाट्यावर गेलो, पाण्याची टाकी फुल, सिलेंडर, भांडी सगळं आत ठेवूनच, कारण रिकाम्या ट्रेलरचं वजन करून काय उपयोग. फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घेतली तर 860 किलो, आणि एकेक चाक वेगळं घेतलं तर डावीकडे 460, उजवीकडे 400. पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही डावीकडेच. म्हणजे दोन्ही टायर लिमिटच्या वर, आणि यांना हायवेला दिवस दिवस चालवायचंय!

आता अलॉय. चाक ज्यावर बसतं तो हब चार बोल्टचा असला की समोरासमोरच्या दोन स्टडचं सेंटर ते सेंटर अंतर मोजलं की पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास कळतो, ट्रेलरच्या हबचा निघाला 114.3 मिमी आणि स्विफ्टचा 100, म्हणजे ते अलॉय बसणारच नाहीत. काका म्हणाले मधे अडाप्टर टाकू. मी स्पष्ट नाही म्हटलं, त्याने चाक बाहेर सरकतं, लोड बेअरिंगवर येतो, आणि मागे चाक निसटलं तर पुढे चालवणाऱ्याला लगेच कळतही नाही. मग 165/80 आर14 चा विचार केला, लोड इंडेक्स 85 म्हणजे 515 किलो, वजनाला चाललं असतं, पण ते जुन्यापेक्षा साधारण 58 मिमी उंच, म्हणजे मडगार्डकडे 29 मिमी वर सरकणार, खड्ड्यात आदळलं की घासणारच.

शेवटी छोट्या पिकअपचं 155 आर13 एलटी (लाइट ट्रक) घेतलं, आठ प्लाय म्हणजे जास्त मजबूत, वर लोड इंडेक्स लिहिलेला 90/88. सिंगल चाकाला पहिला आकडा धरायचा, 90 म्हणजे 600 किलो. उंचीत जेमतेम फरक. एलटीला हवा कारपेक्षा बरीच जास्त लागते म्हणून तेवढा लोड आणि प्रेशर झेपणारे नवे स्टील रिम, त्याच पीसीडीचे, आणि मेटलचे व्हॉल्व्ह. नक्षी साधी सरळ रेघांची, कारण ट्रेलरची चाकं गाडी ओढत नाहीत, नुसती मागे फिरतात, मग ऑफरोडची जाड नक्षी कशाला? आणि स्टेपनी सेम साइजचीच, यात मी अजिबात तडजोड केली नाही, असलं टायर वाटेत प्रत्येक गावात मिळेलच असं नाही.

काकूंनी तिथेच जड पेटी उजवीकडे हलवली. काकांना सांगितलं की आधी भंडारदऱ्याला चक्कर मारून या आणि परत आल्यावर नट पुन्हा टाईट करून घ्या. आले. दोन नट थोडे फिरले, तेवढे आवळले, थंड टायरमधे हवा चेक केली आणि राजस्थानला जायला हरकत नाही म्हणून सांगितलं.