संध्यामठाचे एक जलरंगचित्र
कोल्हापूरच्या निसर्गचित्रांचा विषय निघाला की आबालाल रहिमान यांचे नाव आधी येते. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभलेल्या या चित्रकाराने रंकाळा, कोटितीर्थ या तलावांसारखी रोजच्या पाहण्यातली ठिकाणे ज्या निष्ठेने रंगवली, ते पाहता यात नवल नाही. आमच्या एका परिचितांच्या दिवाणखान्यात त्याच वळणाचे, अनामिक चित्रकाराचे, रंकाळ्याच्या पाण्यातल्या संध्यामठाचे जुने जलरंगचित्र आहे. क्षितिजरेषा मधोमध न घेता बरीच वर ठेवल्याने पाण्याला ऐसपैस जागा मिळाली आहे, आणि दगडी मठ एका बाजूला असल्याने नजर तिरकी फिरत तिथवर पोहोचते. मला विशेष भावते ते प्रतिबिंब: गडद दगड पाण्यात किंचित फिका, तर उजळ आभाळ किंचित गडद उतरले आहे, आणि हे बारकाईने पाहिल्याशिवाय साधत नाही. पाण्यावरची चमक म्हणजे पांढरा रंग नव्हे, तर कोरा सोडलेला कागद आहे. पारदर्शक जलरंगात ती जागा आधीच राखावी लागते, कारण एकदा रंग मुरला की कागदाचा मूळ शुभ्रपणा सहसा पुरता परत येत नाही. दूरची झाडे ओल्या कागदावर पसरू दिली आहेत, मठाच्या कडा मात्र कागद वाळल्यावर घेतल्या आहेत. उजव्या कोपऱ्यातली नाव तेवढी उपरी वाटते. ती नसती तरी चालले असते.