नमुना घेतल्यावर पुढे काय? गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर काम करताना आलेला अनुभव

ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एम.एस्सी. केली आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कामाला लागले. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा विषय तिथेच मिळाला. पहिली काही वर्षं पेशींच्या संगतीत गेली. हेला आणि सिहा या प्रयोगशाळेत वाढवलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी, आणि तुलनेसाठी सी-३३ए, जिच्यात या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू नसतोच. सकाळी इनक्युबेटर उघडायचा, माध्यमाचा रंग बघायचा, बुरशी लागली नाही ना ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं आणि मग दिवस सुरू.

हेला पेशी १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या पाच मुलांच्या आईच्या गाठीतून घेतल्या होत्या. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती त्याच वर्षी गेली, पेशी मात्र अजून जगभर वाढताहेत. हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाला १९८०च्या दशकात याच पेशींत एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. विषाणू आणि हा कर्करोग यांचं नातं दाखवल्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं पेशीतले पी-५३ आणि आरबी हे पहारेकरी निकामी करतात आणि पेशीची वाढ थांबेनाशी होते. ई-६, ई-७ बंद पाडले की हेला पेशींचीही वाढ थांबते. हे मी स्वतःच्या फ्लास्कमध्ये पाहिलं आहे आणि तो आनंद अजून लक्षात आहे.

मला प्रयोगशाळेबाहेर काढलं ते एका शोधनिबंधाने. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्याची व्हिनेगरसारखं अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथा गट तुलनेचा, ज्याची अभ्यासाकडून तपासणी नव्हती. २००९ साली निकाल छापून आला. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ बायका गेल्या होत्या, तुलनेच्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारखेच मोठे होते. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला त्या गावांमुळे कळलं. तुलनेच्या गटावरून पुढे वादही बराच झाला. अभ्यासाचं मोल मी कमी लेखत नाही. तरी त्या तक्त्यातल्या ६४ या आकड्यावरून मला पुढे सरकता येईना. बाईच्या शरीराबद्दल आपण जे शिकतो ते परत तिच्यापर्यंत पोचवायचं कुणी, हा प्रश्न तिथे मनात बसला आणि पीएच.डी.साठी मी गोव्यात परत आले.

विषय ठरवला तो साधा: सत्तरी आणि डिचोलीच्या गावांतल्या बायकांनी स्वतः ब्रशने नमुना घ्यायचा आणि त्यात एचपीव्हीचे कुठले प्रकार सापडतात ते पाहायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही डीएनए चाचणी ही पहिली तपासणी म्हणून सुचवली आणि स्वतः घेतलेला नमुनाही चालतो असं सांगितलं, त्यामुळे पुढे युक्तिवाद सोपा झाला. पण एथिक्स कमिटीला आकड्यांत फार रस नव्हता. अशा समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याचे जाणकार आणि एक सर्वसामान्य व्यक्तीही असते. आमच्या समितीत त्या जागी एक निवृत्त शिक्षिका होत्या. नमुन्यांची संख्या, प्रायमर, फ्रीझर यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पॉझिटिव्ह आलेल्या बाईला कोण सांगणार, कुठे बसून सांगणार, आणि तिच्याबरोबर बांबोळीला, मोठ्या सरकारी रुग्णालयात, कोण जाणार?"

अशा प्रस्तावांत याचं उत्तर सहसा एका ओळीत असतं, 'पुढील तपासणीसाठी रुग्णालयात पाठवले जाईल.' समितीने प्रस्ताव परत पाठवला आणि मला तो पूर्ण नव्याने बांधावा लागला. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख बारकाईने पाहण्यासाठी, ठरावीक वेळ मागितली, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना सोबत घेतलं, संमतिपत्र कोकणी आणि मराठी दोन्हींत केलं, आणि प्रवासखर्चाची ओळ अंदाजपत्रकात घातली. निधी देणाऱ्या संस्थेने नेमकी तीच ओळ कापली. तिचा संशोधनाशी थेट संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ती पुन्हा घातली, सोबत कारण लिहिलं: वाळपईहून पणजी आणि तिथून बांबोळी अशा दोन बस, पूर्ण दिवसाची मजुरी बुडणार, आणि त्यामुळे बाई आली नाही तर अभ्यासाचा निष्कर्षच अर्धवट राहणार. पत्रव्यवहार कंटाळवाणा होता, पण ओळ राहिली.

गावात कामाची वेळ ठरवायला पंचांग आणि बागायत दोन्ही बघावं लागतं. मार्च ते मे काजूचा हंगाम, बायका सकाळी डोंगरावर. चतुर्थीच्या आधी कुणाला सवड नसते. पाळी चालू असताना नमुना घेता येत नाही. अंगणवाडीत दुपारी बैठक घ्यायची, ब्रश हातात देऊन दाखवायचा, प्रश्न येऊ द्यायचे. पहिल्या बैठकीत सगळ्या गप्प. एक वयस्क माई उठल्या, म्हणाल्या, "आधी मी करते, मग या पोरी करतील." त्यानंतर रांग लागली.

प्रयोगशाळेतला भाग थोडक्यात सांगते, कारण तो कुठल्याही प्रयोगशाळेत सारखाच असतो. नमुना टिकवणाऱ्या द्रवातून डीएनए काढायचा. त्यात बीटा-ग्लोबिन जनुक दिसतो का ते आधी पाहायचं. तो दिसला नाही तर ब्रशला पेशीच लागलेल्या नाहीत, आणि असा नमुना निगेटिव्ह मोजणं हा त्या बाईवर अन्याय आहे. तिला पुन्हा विचारायचं. पावसाळ्यात वीज जायची तेव्हा उणे ८० अंशांच्या फ्रीझरची काळजी असायची, म्हणून जनरेटरवाल्या दादांचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये होता.

खरा कस लागला निकाल सांगताना. फोनवर सांगायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. घरात फोन कोण उचलेल सांगता येत नाही, आणि लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू म्हटलं की संशय आधी बाईवरच येतो. म्हणून आरोग्य केंद्रात बोलावून, पडद्याआड, नर्सबाईंच्या समोर बोलायचं. पहिला प्रश्न जवळपास प्रत्येकीचा एकच: "म्हाका कॅन्सर जाला काय गो बाये?" तर नाही. हा विषाणू बहुतेक बायकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात कर्करोगाआधीचे बदल सापडले तर ते काढून टाकता येतात. थर्मल अॅब्लेशनमध्ये, म्हणजे उष्णतेने तो भाग नष्ट करताना, साधारण १०० अंशांची प्रोब मिनिटभराहूनही कमी वेळ लावतात, भूल लागत नाही. हे सगळं मी हळू, एकेक वाक्य थांबत सांगायला शिकले. लग्नाला २५ वर्षं झालेल्या बाईला मी आवर्जून सांगायची, की हा संसर्ग कधीचाही असू शकतो, त्यावरून नवऱ्याबद्दल किंवा स्वतःबद्दल काही ठरवू नका. एक वयनी हे ऐकून रडल्या. निकाल ऐकताना त्या शांत होत्या, रडल्या त्या या वाक्यावर.

बांबोळीला जाताना नर्सबाई किंवा मी सोबत असायचो. कॉल्पोस्कोपीनंतर ज्यांना उपचार लागले त्यांना ते मिळाले. प्रबंधात हा भाग मी परिशिष्टात न टाकता स्वतंत्र प्रकरण म्हणून लिहिला. परीक्षकांपैकी एकांनी हे विज्ञान आहे का असं विचारलं, त्यावर तोंडी परीक्षेत बराच वेळ चर्चा झाली. माझं उत्तर आजही तेच आहे: उपचारापर्यंत न पोचणाऱ्या तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत, म्हणून पोचणं हे मोजायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३०चं उद्दिष्टही तेच सांगतं: ९० टक्के मुलींना १५व्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के बायकांची तपासणी, आणि आजार सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांना उपचार.

आता माझं काम पॉझिटिव्ह आलेल्या बायकांपैकी कुणाला खरोखर धोका आहे, ते त्याच नमुन्यातून ओळखता येईल का, यावर आहे. पेशीच्या काही जनुकांवर मेथिलेशनच्या, म्हणजे डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक, खुणा वाढत जातात, त्यांवरून अंदाज बांधता येतो. ते जमलं तर कितीतरी जणींची बांबोळीची खेप वाचेल. नव्या प्रस्तावात निकाल सांगण्याचा आणि प्रवासाचा खर्च पहिल्याच पानावर आहे. माझ्याकडे प्रबंधासाठी येणाऱ्या मुलींना पहिले काही महिने मी आरोग्य केंद्रात नर्सबाईंजवळ बसवते, पिपेट त्यानंतर.