मग आमचं खोटं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. नाहीतर हा प्रश्न मी ३५ वर्षं हसण्यावारीच नेत आलो.

"तुम्ही ख्रिस्ती लोक म्हणता सत्य एकच. मग आमचं सगळं खोटं का?" जानेवारीत सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, भरली की हा प्रश्न हमखास येतो. नंदीध्वजांच्या उंच काठ्या अक्षता सोहळ्यासाठी संमती कट्ट्याकडे निघतात, पांढऱ्या बाराबंद्यांनी रस्ते भरतात, आणि एक-दोन दिवसांत कोणीतरी कागदाच्या पुडीत प्रसाद आणून देतं. मी हात जोडतो, पण घेत नाही. मग प्रश्न येतो. विचारणाऱ्याला राग असतो असं नाही. बहुतेकदा नुसतं कुतूहल असतं, कधी जरासं मन दुखावलेलं असतं.

'अहो, रस्ते वेगळे, जायचंय एकाच ठिकाणी' असं म्हणून चहाला निघून जाता येतं. मी तसं म्हणालोही आहे. पण मला तसं वाटत नाही. म्हणजे सत्याविषयी विचारलं तेव्हा मी चक्क खोटं बोललो, आणि समोरचा खूश होऊन गेला.

खरं उत्तर द्यायचं तर आधी माझं काम सांगायला हवं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी टेस्टिंगला आहे. सूत, रंग, वजन तपासायचं आणि रिपोर्टवर सही करायची. टॉवेल जीएसएमवर विकला जातो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. ७० बाय १४० सेंटिमीटरचा ५०० जीएसएमचा टॉवेल असेल तर काट्यावर ४९० ग्रॅम भरला पाहिजे.

आता गंमत बघा. कापूस हवेतलं पाणी पितो. प्रमाण हवेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून असतो. सोलापूरच्या मे महिन्यात ते पाणी उडून जातं, म्हणून तोच टॉवेल जुलैत जड आणि मे महिन्यात हलका. यासाठी मोठ्या लॅबमध्ये २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ठेवून, त्या हवेत माल मुरवून मगच वजन करतात. आमच्याकडे तशी खोली नव्हती. काटा, खिडकी आणि ऊन.

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात परदेशी जाणाऱ्या मालाचं सँपल काट्यावर ठेवलं आणि ४४२ ग्रॅम आलं. पुन्हा ठेवलं, तेच. मॅनेजर म्हणाले, "उन्हाळा आहे हो, तिकडे गेल्यावर भरेल." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. मी पाठीमागच्या कागदावर हिशेब केला. उन्हाळ्याने १६ ग्रॅम खाल्ले होते. उरलेले ३२ आम्ही खाल्ले होते, पाइलचे, म्हणजे टॉवेलच्या अंगावर उभ्या असणाऱ्या धाग्यांचे, लूप आखूड ठेवून. मला आकडा माहीत होता. मी रिपोर्टवर ४९२ लिहिलं आणि सही केली.

४९० नाही, ४९२. बरोब्बर ४९० लिहिलं असतं तर संशय आला असता, एवढी अक्कल त्या क्षणी होती.

पुढचा रविवार महिन्यातला पहिला होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. येशूची आठवण म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये सगळे भाकर वाटून घेतात. त्याआधी चर्चचे पाळकसाहेब दर वेळी तेच सांगतात की प्रत्येकाने आधी स्वतःला पारखावं, मगच भाकर घ्यावी. लहानपणापासून ऐकत आलोय, कान सरावलेत. त्या दिवशी ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच पुढे सरकवलं. बायकोने पाहिलं. घरी जाईपर्यंत ती काही बोलली नाही, रिक्षातही नाही.

त्या आठवड्यात मी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय उघडला. रोमन सुभेदार पिलातासमोर येशूला उभं केलंय. येशू म्हणतो, मी सत्याविषयी साक्ष द्यायला आलोय. पिलात विचारतो, सत्य काय आहे? आणि उत्तराला न थांबता बाहेर निघून जातो. या प्रश्नावर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत, जणू पिलात मोठा तत्त्वज्ञ होता. पण पुढचं वाचा. बाहेर जाऊन तो लोकांना म्हणतो, मला या माणसात काही अपराध दिसत नाही. एकदा नाही, तीनदा म्हणतो. आणि तरी शेवटी त्याला क्रुसावर चढवायला देऊन टाकतो. म्हणजे सत्य त्याला सापडलं होतं, ज्ञानात कुठेच कमतरता नव्हती. पिलाताचं टेस्टिंग बरोबर होतं, रिपोर्ट चुकीचा गेला.

माझ्या श्रद्धेने सत्याकडे बघायची जी नजर मला दिली, ती इथे आहे. सत्य म्हणजे फक्त बरोबर वाक्य नव्हे. हिब्रूत सत्याला एमेत म्हणतात, आणि आपण प्रार्थनेच्या शेवटी जे आमेन म्हणतो ते त्याच धातूतलं. त्यात पक्कं, भरवशाचं, टिकणारं असा भाव आहे. आपल्या मराठीतही तो आहेच की. 'माणूस शब्दाला खरा आहे' असं आपण म्हणतो तेव्हा त्याची वाक्यं तपासत नसतो, तो वेळेला उभा राहील का हे सांगत असतो. येशू 'मी सत्य सांगतो' एवढ्यावर थांबत नाही, 'मार्ग, सत्य व जीवन मीच आहे' म्हणतो. तेव्हा माझा प्रश्न बदलतो. सत्य माझ्याकडे आहे का, हे विचारण्यात अर्थ उरत नाही. मी त्याच्याशी खरा आहे का, एवढंच उरतं. मे महिन्यातल्या त्या दिवशी मी नव्हतो.

सोमवारी मालकांकडे गेलो. मालक पद्मशाली, मार्कंडेयाचे भक्त. नारळी पौर्णिमेला रथ निघतो त्या दिवशी कारखान्यात कोणी सापडत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. "उन्हाळ्याचे किती, आपले किती?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, १६ आणि ३२. त्यांनी माझ्यासमोर एजंटला फोन लावला आणि अर्धं तेलुगू, अर्धं हिंदीत सगळं सांगून टाकलं. माल निघून गेला होता. पुढे पार्टीने पैसे कापले, मॅनेजर वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. फोन ठेवल्यावर मालक म्हणाले, "मास्तर, पुढच्या वेळी रविवारची वाट बघू नका."

चर्चची पायरी कधी न चढलेल्या माणसाने दहा मिनिटांत ते केलं, ज्याला मला आठ दिवस आणि एक प्रभुभोजन लागलं. आता सांगा, त्यांचं खोटं आणि माझं खरं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? योहानच पहिल्या अध्यायात म्हणतो की खरा प्रकाश प्रत्येक माणसाला प्रकाशित करतो. त्या टेबलापलीकडे मला तो दिसला, असं मी मानतो. मालकांना हे असं म्हटलेलं कितपत आवडेल, शंकाच आहे. ते म्हणतील, मार्कंडेयाचं श्रेय तुमच्या खात्यावर का घालता? त्यांचंही बरोबर आहे. इथे आमचा मतभेद आहे आणि तो मी लपवत नाही. सिद्धरामेश्वरांनी खोदलेल्या तलावाकाठी मी संध्याकाळी बसतो, त्यांच्याविषयी मनात आदर आहे. तरी माझं मस्तक एकाच ठिकाणी टेकतं.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची आठवण अशा वेळी येते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी घरदार तुटायची वेळ आली. पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असंच ते म्हणत राहिले. पूल त्यांनी मागे जाळला नाही. आमच्या चर्चमध्ये त्यांची पदं पेटी-तबल्यावर म्हणतात तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला आत कीर्तन चाललंय असंच वाटतं.

विज्ञानाचंही विचारता तुम्ही, विशेषतः तरुण मुलं. त्याबद्दल मला फार अडचण कधी वाटली नाही. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लेमैत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोपनी त्या सिद्धान्ताचा संबंध बायबलमधल्या निर्मितीशी जोडला, तर लेमैत्रनाच ते रुचलं नाही. देव आपल्या बाजूने पुरावे फुगवायला सांगत नाही. ४९२ लिहायला तो मला कधीच सांगणार नाही, स्वतःसाठीसुद्धा नाही. बायबलमध्ये ईयोबाचं पुस्तक आहे, अपराध नसताना दुःख भोगणाऱ्या माणसाचं. त्याच्या शेवटी देव रागावतो कोणावर? देवाशी तावातावाने भांडणाऱ्या ईयोबावर नाही, तर देवाची बाजू घेऊन गुळगुळीत बोलणाऱ्या मित्रांवर.

म्हणून घरचंही सांगून टाकतो. आमच्याकडे ख्रिस्ती धर्म आला तो १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. 'पोटासाठी बाटले' असं टोचून बोलणारे भेटतात. माझे वडील यावर चिडायचे. मी चिडत नाही. खापरपणजोबा भुकेले होते, गावकुसाबाहेरचे होते, आणि कोणीतरी त्यांना आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं. पोटासाठी गेले असतीलही. भाकरीच्या वाटेने येणाऱ्यांना येशूने हाकलल्याचं मला तरी कुठे वाचलेलं आठवत नाही.

आणि प्रसाद? अजूनही घेत नाही. घेणारे ख्रिस्ती आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मला जमत नाही. शेजारच्या मावशींना आता ते ठाऊक झालंय. भोगीच्या दिवशी त्या डबा घेऊन येतात, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, आणि दारातच बायकोला सांगतात, "घ्या गं, यात देवाचं काही नाही हं, नुसती भाकरी आहे."

"भाकरी देवाची नाही तर कुणाची मावशी?" बायको दरवर्षी म्हणते.

मग त्या दोघी उंबऱ्यावरच बोलत उभ्या राहतात, अर्धा-पाऊण तास. मी डबा आत नेतो. नाताळात त्यांच्याकडे राहिलेला आमचा करंज्यांचा डबाही त्याच पिशवीत असतो, घासून पुसून, आणि रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात शेंगाचटणी भरलेली.