बसलेला गडी

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या जमाखर्चाची वही मांडून बसलो होतो. ‘शाळेविषयी चार ओळी लिहून पाठवा,’ असं पत्रात होतं. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. विहीर आहे, कडूनिंबाखाली भरणारा नववी ‘ब’चा वर्ग आहे, हेडमास्तरांची छडी आहे. मी सरांविषयी लिहिणार. कोणते सर, हे आपल्या गावात सांगावं लागत नाही. गळ्यात शिट्टी, कपाळाला अष्टगंध, पायात कॅनव्हासचे बूट, तेच.

सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले. ते मंडळ 1914 सालचं. त्यांचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं, ही गोष्ट सर अशी सांगत की जणू तेही त्या बोटीत होते. तेव्हा त्यांचा जन्म तरी झाला होता का, देव जाणे.

गावात आमची ख्रिस्ती घरं चार. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. खो-खोचा सराव रविवारी सकाळी सातला असे आणि नेमकी तेव्हाच आई मला उपासनेसाठी न्हाऊ घालून भांग पाडून देई. मी सलग दोन रविवार सरावाला गेलो नाही. सरांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं, ‘रविवारचा सराव संध्याकाळी चार वाजता.’ पोरांनी कारण विचारलं तर म्हणाले, “सकाळी लई ऊन लागते.” यवतमाळ जिल्ह्यात सकाळी सातला ऊन आणि चारला सावली! सगळे समजले, बोललं कोणी नाही. पुढे एरिक लिडेलची हकिगत वाचली. 1924 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून तो स्कॉटिश धावपटू ती धावलाच नाही, आणि मग 400 मीटर 47.6 सेकंदांत धावून सुवर्णपदक घेऊन गेला. लिडेलला आपलं म्हणणं लोकांना सांगावं लागलं. मला तेही लागलं नाही.

त्याच सुमाराला, 1983 मध्ये, यवतमाळची पाळक घडवणारी सेमिनरी पुण्याला हलली. तिथले विद्यार्थी आमच्याकडे रविवारी उपदेश करायला येत, ते यायचे थांबले. नंतर वडील चाचरत शास्त्रपाठ वाचत आणि आम्ही गाणी म्हणत असू. म्हणून म्हणतो, त्या वर्षी मला जो उपदेश मिळाला तो मैदानावर मिळाला, आणि तो देणाऱ्याला आपण उपदेश देतो आहोत हे ठाऊक नव्हतं.

आता ती फायनल. दारव्ह्याला तालुक्याच्या स्पर्धा होत्या, शकुंतला नावाच्या छोट्या आगगाडीनं गेलो होतो. (शकुंतलाही आता थांबली. इंजिनामागे पळत पळत डब्यात चढणारी पोरं आता म्हातारी झाली.) मी संघात सगळ्यात वेगवान, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. शेवटच्या डावात अर्धं मिनिट उरलं होतं. समोरच्यांच्या शेवटच्या तुकडीतला एकच गडी राहिला होता, तोही दमलेला. तो मधली रेघ ओलांडून पलीकडे गेला. माझ्या हाताशी आमचा एक गडी बसला होता, तोंड नेमकं त्याच बाजूला. खो दिला असता तर दोन पावलांत काम होतं. पण तो गडी मला मारायचा होता. मी खुंटाला वळसा घालून पलीकडे गेलो, सूर मारला आणि त्याच्या टाचेपासून वीतभर अंतरावर मातीत तोंड घातलं. शिट्टी झाली. एका गुणानं गेलो.

परतीच्या गाडीत सर गप्प. स्टेशनवर सगळ्यांना भजे घेतले, मलाही दिले. दुसऱ्या दिवशी मैदानावर म्हणाले, “काऊन रे, खो देनं जमत नाही तुले? मंग बस. आठ दिवस नुसता बस.” आणि बाकीच्यांना ताकीद दिली की याला खो द्यायचा नाही.

आठ दिवस मी माझ्या चौकटीत उकिडवा बसलो. काळी माती, तिच्यावर मुरूम टाकलेला, तो तळपायाला टोचायचा. पहिले दोन दिवस राग. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली, ती खो-खो खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरी कोणी बोलत नाही. बसलेल्या गड्याला पळणारा दिसतो, पण खो देणारा दिसत नाही. तो नेहमी पाठीमागून येतो. फक्त पावलं ऐकू येतात. त्या पावलांवर कान ठेवून, अंगाचं धनुष्य करून बसायचं, आणि पाठीवर हात पडेपर्यंत उठायचं नाही. आधी उठलास तर फाऊल. विश्वास ऐकण्यातून येतो, असं बायबलात प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिलंय. हे वाक्य मी पुढे अनेक उपदेशांत ऐकलं. पण कुठल्याही उपदेशकाच्या तोंडी त्याला मुरमाची टोच नव्हती. आम्ही ख्रिस्ती लोक ‘पाचारण’ हा शब्द फार वापरतो. पाचारण म्हणजे मला अजूनही तो हात आणि तो आवाजच आठवतो. दोन्ही एकदम हवेत. नुसता हात लागला, तोंडानं ‘खो’ नाही म्हटलं, तर चालत नाही. नुसतं ओरडला, हात नाही लागला, तरी चालत नाही. कृतीवाचून विश्वास निर्जीव, असं सांगणारं याकोबाचं पत्र मला यापुढे कोणी समजावून द्यावं लागलं नाही.

पौल करिंथकरांना शर्यतीची उपमा देतो: धावतात सगळे, बक्षीस एकाला. करिंथजवळ इस्थमियन खेळ होत, दर दोन वर्षांनी, आणि विजेत्याला झाडपाल्याचा मुकुट मिळे. तो सुकून जाई, म्हणून पौल न सुकणाऱ्या मुकुटाची गोष्ट करतो. माझं आपलं मत, पौलानं खो-खो पाहिला असता तर आणखी एक अध्याय लिहिला असता. या खेळात जो खो देतो तो त्याच घडीला दुसऱ्याच्या जागी बसतो. टाळ्या पुढच्याला. ‘त्याची वृद्धी व्हावी, माझा ऱ्हास व्हावा,’ हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं बोलणं मला दारव्ह्याच्या मातीत तोंड घातलं तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नव्हतं.

नवव्या दिवशी सर माझ्या मागून आले. मी पावलांवरून ओळखलं. पाठीवर थाप पडली, “खो!” मी उठलो आणि कोणामागे पळायचं हेच विसरलो. पोट्टे हसले. सरही हसले. “कोनाच्या हातानं गडी मेला,” ते म्हणाले, “हे ढालीवर कोनी कोरत नाही लेका.”

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्हींचे कप्तान आपल्या महाराष्ट्रातले. टीव्हीपुढे मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. मॅट, दिवे, रंगीत कपडे, सगळं छान. तरी नव्या लीगमध्ये तो ‘वजीर’ काढलाय ना, कुठल्याही दिशेला वळू शकणारा, तो मला पटला नाही. एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही, हीच तर या खेळाची गंमत. नांगराला हात घातल्यावर मागे पाहू नये, असं प्रभूनं सांगितलंय. सर त्याच तत्त्वानं शिट्टी मारत, आणि ते तर तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना म्हणणारे!

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मी ऑडिटच्या कामात होतो, मातीला पोहोचलो नाही. मैदानावर आता सभामंडप आणि फरशी आहे, खुंट कुठे होते ते शोधूनही सापडले नाहीत.

मंडळीचा मी चौदा वर्षं सचिव आहे. हिशेब चोख, भिंतीला रंग, छतावर नवे पत्रे, सगळं माझ्या काळात झालं, हे नम्रपणे नमूद करतो. तरुण पोरांना कीबोर्ड हवाय, उपासनेची वेळ बदलायची आहे, वही कॉम्प्युटरवर न्यायची आहे. त्यातली दोन-तीन पोरं खरोखर हुशार आहेत, मागच्या बाकावर बसलेली असतात. मी त्यांच्या शेजारून जातो, पुढे जातो, खुंटाला वळसा घालतो. घरात बायको म्हणते, “तुमाले सरानं आठच दिवस बसवलं, तिथंच चुकलं.”

दोन ओळींचा राजीनामा लिहून ठेवला आहे. तो मागच्या रविवारीही खिशातच होता.