अनगोळच्या शिवारातली गिरणी: आमची वाटचाल

आजोबांनी बेळगावच्या अनगोळ शिवाराच्या कडेला गिरणीसाठी पत्र्याची शेड घातली, तेव्हा गावाबाहेर तेवढं एकच बांधकाम होतं. चहूबाजूंनी भात. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतर चार-पाच वर्षांनी शेड उभी राहिली. विजेचा अर्ज कन्नडात द्यायचा होता आणि आजोबांना कन्नड वाचता येत नव्हतं. तीन वेळा कागद परत आले. शेवटी शेजारच्या लिंगायत मास्तरांनी सगळं लिहून दिलं. दिवाळीला त्यांच्या घरी नव्या तांदळाची पिशवी द्यायची पद्धत तेव्हापासून आहे. आता ती त्यांच्या नातवाकडे जाते.

त्याआधी आमचे पणजोबा बैलगाडी हाकायचे. १९२४ साली टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा तिथं सरपण पोचवायला गाडी जुंपली होती, असं आजी सांगायची. त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. तिच्यावरून जाताना आप्पा गाडी हळू करतात.

गिरणीचा खरा धंदा हलरचा, म्हणजे भाताचं तूस काढायच्या यंत्राचा. बेळगाव बासमतीचा दाणा लांब, आणि लोखंडी हलरमध्ये तो फार तुटायचा. १०० किलो भाताला ६०-६२ किलो तांदूळ निघायचा, त्यातही कणी भरपूर. आप्पांनी रबर रोलरचं यंत्र आणलं. दोन रोलर वेगवेगळ्या वेगानं फिरतात आणि मधून जाणाऱ्या दाण्याचं तूस सोलून निघतं. दाणा रगडला जात नाही, म्हणून कणी कमी. पण भात फार वाळलेलं असलं तर रोलर तरी काय करणार? आप्पा चार दाणे दाताखाली धरून बघत. कट्‌ असा आवाज आला की म्हणत, "जास्त वाळलंय गा, कणी होईल. आधी सांगून ठेवतो." गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगणं त्यांनी कधी चुकवलं नाही. आमचं नाव टिकलं ते यामुळेच, असं मी मानतो.

उद्यमबागमध्ये कारखाने वाढले, कामगार भाड्याच्या खोल्या शोधत अनगोळला आले. भाग्यनगरचे क्रॉस, म्हणजे आडवे रस्ते, एकेक करत वाढले. भाताच्या जागी प्लॉट पडले. आमचीही दोन गुंठे जमीन गेली, ती बहिणीच्या लग्नासाठी विकली. त्याचं वाईट आजही वाटतं. नव्या वस्तीतल्या बायका मात्र जोंधळा, गहू, नाचणी घेऊन येऊ लागल्या आणि पिठाच्या चक्क्या एकाच्या तीन झाल्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी शेडमध्ये गुडघाभर चढलं. मोटरी जळाल्या, लोकांचं दळण भिजलं. प्रत्येकाचं धान्य आम्ही भरून दिलं. पाच-सहा जणींनी घेतलंच नाही. एक मावशी म्हणाली, "तुमचंबी गेलंयच की." ती गोठ्यातून खराटा घेऊन आली आणि आमच्याबरोबर गाळ काढत राहिली.

आज हलरवर काम थोडं आहे, पण यंत्र काढलेलं नाही. येळ्ळूर, वडगावची काही घरं अजून स्वतःचं भात पिकवतात. सुगीनंतर बुधवारी आणि शनिवारी सकाळी सातपासून हलर चालू असतो. भात आणण्याआधी चार दाणे दाताखाली धरून बघा. मऊ लागले तर अजून एक ऊन द्या.