पंप बसले, छप्पर राहिलं

पंपहाउसच्या मासिक अहवालात काम 68 टक्के पूर्ण दिसत होतं आणि क्रिटिकल पाथवरचा, म्हणजे प्रकल्पाची अखेरची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीवरचा, फ्लोट (हाताशी उरलेली सवड) उणे 41 दिवस, म्हणजे तितका उशीर. दोन्ही आकडे खरे होते. हे कसं घडलं, याचा विचार करताना मी दरवेळी करारातल्या पेमेंट शेड्यूलपाशीच येतो.

करार लम्पसम, म्हणजे एकूण किंमत आधीच ठरलेला; फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या यलो बुक या नमुना करारावर. 'चारही पंप बेसप्लेटवर बसवणे' या टप्प्याला किमतीच्या 20 टक्के. छप्पर, ईओटी क्रेन (छपराखाली गर्डरवरून सरकणारी विजेची क्रेन) आणि केबल ट्रे मिळून 6. साहजिकच कंत्राटदाराने पंप पुढे ओढले. त्याला मी दोष देत नाही. हे टक्के ठरवणाऱ्यांनी वेळापत्रक शेजारी उघडून ठेवलं नव्हतं, हा राग मात्र अजून आहे.

योग्य क्रम असा: क्रेन गर्डर, छप्पर, क्रेनची लोड टेस्ट, मग त्याच क्रेनने पंप. इथे उघड्या छपरातून मोबाइल क्रेनने पंप उतरवले, बेसप्लेटखालची पोकळी भरून पक्के (ग्राउट) केले, पंप आणि मोटरचे शाफ्ट 0.05 मिमीच्या आत जुळवले आणि बिल निघालं. मग त्यांच्या डोक्यावर छपराचं वेल्डिंग सुरू झालं. सबस्टेशन मागे पडल्यामुळे मोटर कोरडी ठेवणाऱ्या हीटरला वीज नव्हती. वाइंडिंगमध्ये ओल शिरून इन्सुलेशन रेझिस्टन्स घसरला. शाफ्ट ठरावीक दिवसांनी हाताने फिरवायचे, तेही कुणी केलं नाही. शेजारच्या कामांच्या कंपनाने एकाच जागी टेकलेल्या बॉल्सचे ठसे बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे बॉल्स ज्या कड्यांवर फिरतात त्यांवर, उमटले. बेअरिंग बदलली, अलाइनमेंट पुन्हा.

हप्ते प्रत्यक्ष प्रगतीशी बांधलेले नसतील, तरच कराराच्या कलम 14.4 खाली अभियंत्याला (मालकाच्या वतीने करार राबवणाऱ्याला) ते बदलता येतात. आमचे बांधलेले होते, म्हणून तो मार्ग बंद. कलम 8.6 खाली, प्रगती मंद असल्यामुळे, सुधारित वेळापत्रक मागितलं. ते आलं, पण छपरावर माणसं वाढली नाहीत; तिथे पैसाच नव्हता.

एनईसी या दुसऱ्या, ब्रिटिश नमुना कराराच्या ऑप्शन एमध्ये, अ‍ॅक्टिव्हिटी शेड्यूलमधली (कामं आणि त्यांच्या किमतींच्या यादीतली) प्रत्येक बाब प्रोग्रॅममधल्या कोणत्या कामांशी जोडलेली आहे, हे कंत्राटदाराला दाखवावं लागतं. ही जोडणी आमच्याकडे सही होण्यापूर्वी झाली असती, तर 20 आणि 6 मधली विसंगती लगेच दिसली असती. टप्प्याचे तुकडेही करता आले असते: पुरवठा, जागेवर ठेवणे, 'छप्पर जलरोधक झाल्यावर' अंतिम अलाइनमेंट, चाचणी, आणि मोठा वाटा शेवटच्या दोघांना.

बेअरिंगचा खर्च आमच्या कराराच्या कलम 17.2 प्रमाणे कंत्राटदारावर गेला, कारण ताबा देईपर्यंत कामाची निगा त्याची. छपराचा उशीर मात्र तसाच राहिला.